किल्ले माहुली : बदलते धनी आणि अढळ पाषाण

(व्याख्यानाची संहिता)



भिवंडीहून नाशिकच्या रस्त्याने पडघा ओलांडून शहापूरकडे जाऊ लागले, की डाव्या हाताला डोंगराची एक प्रचंड रांग दृष्टीस पडते. तिच्या माथ्यावरून काही सुळके आकाशात घुसलेले दिसतात. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे दिली आहेत. जणू एखादे लग्न लागता लागता सारे वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले असावे. ही रांग म्हणजे किल्ले माहुली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंचीचा हा दुर्ग ठाणे जिल्ह्याच्या दुर्गवैभवाचा मुकुटमणी मानला जातो. भिवंडीचे व्यापारी, मालमोटारींचे चालक आणि प्रवासी हे दृश्य रोज पाहतात. परंतु भिवंडीच्या इतिहासाची किल्ली याच डोंगरावर ठेवलेली आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

माहुली हा एकच गड नाही. ते तीन गडांचे त्रिकूट आहे. उत्तरेस पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेस भंडारगड. तिन्ही एकाच पर्वतावर, परंतु मधल्या खिंडींनी विभागलेले. तीन बाजूंना ताशीव कडे, माथ्यावर घनदाट अरण्य, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, भग्न महादरवाजा, त्याच्या शेजारच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, माहुलेश्वराचे स्थान आणि भंडारगडाकडील कल्याण दरवाजा एवढे अवशेष आज उरले आहेत. मनुष्याने येथे तट बांधला तो केवळ जेथे निसर्गाने उणीव ठेवली तेथेच. बाकीचे काम सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाने केले. गड बांधताना आधी पाणी पाहावे, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दंडक सर्वश्रुत आहे. त्या कसोटीला माहुली पूर्वीपासून उतरलेली होती. अन्न कोठारात साठविता येते. पाणी मात्र डोंगरानेच द्यावे लागते.

असा दुर्गम गड येथे का हवा होता, याचे उत्तर खाली वाहणाऱ्या व्यापारात आहे. सोपारा, कल्याण, भिवंडी ही खाडीकाठची बंदरे. समुद्रमार्गे आलेला माल येथे उतरे आणि बैलांच्या पाठीवरून थळ घाटाने, म्हणजे आजच्या कसारा घाटाने, नाशिककडे चढे. घाटावरील धान्य व कापड त्याच वाटेने खाली येई. या वाटेच्या पायथ्याशी माहुली उभी आहे. ज्याच्या हाती माहुली, त्याची नजर घाटाच्या मुखावर. आणि ज्याची नजर घाटावर, त्याच्या हाती कल्याण-भिवंडीची जकात. म्हणूनच जुन्या कागदांतून कल्याण आणि भिवंडी ही नावे जोडीने येतात आणि त्यांच्या भाग्याबरोबर माहुलीचे भाग्यही फिरत राहते.

माहुलीच्या लिखित इतिहासाला ठळक आरंभ होतो तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. बहमनी सत्ता खिळखिळी झाली होती. तिचा सरदार मलिक अहमद याने १४८५ च्या सुमारास जुन्नर परिसरातील व कोकणातील अनेक किल्ले एकामागून एक जिंकले. चावंड, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, जीवधन यांच्या मालिकेत माहुलीचेही नाव आहे. याच मलिक अहमदाने १४९० मध्ये स्वातंत्र्य पुकारून निजामशाही स्थापिली आणि पुढे अहमदनगर वसविले. म्हणजे निजामशाहीचे राज्य जन्मास येण्यापूर्वीच माहुली तिच्या पदरात पडली होती. दैवयोग असा, की त्या राज्याने शेवटचा श्वास घेतला तोही याच गडावर.

तो प्रसंग १६३६ चा. दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांच्या हाती पडले आणि हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला. तरीही शहाजीराजे भोसले यांनी धीर सोडला नाही. त्यांनी मूर्तझा नावाच्या निजामशाही वंशातील एका बालकाला संगमनेरजवळील पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने सुमारे तीन वर्षे राज्यकारभार चालविला. परंतु १६३६ च्या मे महिन्यात बादशहा शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. कोकण विजापूरच्या वाट्याला गेले. काल जो आदिलशहा आधार वाटत होता, तोच आता वाटेकरी झाला. मोगल सेनापती खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान अशा दोन फौजा शहाजीराजांच्या पाठलागावर निघाल्या. राजांनी पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाही. अखेर त्यांनी बालराजासह माहुलीचा आसरा घेतला. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे हेही त्या वेळी गडावर होते, अशी परंपरा आहे.

पावसाळ्याचे दिवस, खाली दोन सत्तांचा वेढा आणि बाहेरून मदतीची आशा कोठूनही नाही. कडे अभेद्य होते. टाक्यांत पाणीही होते. परंतु ज्याच्यासाठी लढावयाचे ते राज्यच वाटले गेले होते. १६३६ च्या ऑक्टोबरात शहाजीराजांनी तह केला. बालराजा मूर्तझा मोगलांच्या स्वाधीन करण्यात आला आणि त्याचीही रवानगी ग्वाल्हेरला झाली. जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसर आदी किल्ले मोगलांना देण्यात आले. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. जवळजवळ दीडशे वर्षांची निजामशाही संपली. इतिहासात हा माहुलीचा तह म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी माहुलीचा एकही बुरूज ढासळला नव्हता. गड शाबूत होता. राज्य मात्र संपले होते.

यानंतर सुमारे एकवीस वर्षे उत्तर कोकण आदिलशाहीकडे राहिले. कल्याणचा कारभार विजापूरचा सरदार मुल्ला अहमद याच्याकडे होता. १६५७ मध्ये औरंगजेबाने विजापूरवर स्वारी केली तेव्हा राज्याचे सारे लक्ष तिकडे गुंतले आणि कोकणपट्टी उघडी पडली. ही वेळ शिवाजीमहाराजांनी अचूक साधली. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली. त्यानंतर अडीच महिन्यांतच, ८ जानेवारी १६५८ रोजी, माहुलीही महाराजांनी घेतली. ज्या गडावर पित्याने राज्य सोडून दिले, त्याच गडावर पुत्राने स्वराज्याचे निशाण चढविले. बंदर हाती आले तरी घाटमाथ्याची वाट राखणारा गड परक्याच्या हाती असता, तर बंदराचा उपयोग अर्धाच राहिला असता, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

भिवंडीकरांनी अभिमानाने आठवावी अशी गोष्ट याच काळातील आहे. १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेल्या पत्रात, शहाजीचा पुत्र वसईलगतचा मुलूख घेऊन बलवान झाला आहे आणि भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत लढाऊ गलबते बांधीत आहे, अशी चिंता व्यक्त झाली आहे. या कामासाठी महाराजांनी रुई लैतांव व्हियेगस या कसबी पोर्तुगीज माणसाला त्याच्या तीनशेच्या वर लोकांसह चाकरीस ठेविले होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फितविले आणि ते काम सोडून निघून गेले. तथापि काम थांबले नाही. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा या खाडीत हालला आणि त्या पाळण्यावर माहुलीच्या डोंगराची सावली होती.

परंतु गडाचे दैव पुन्हा फिरले. १६६५ च्या जून महिन्यात मिर्झाराजे जयसिंहांबरोबर पुरंदरचा तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख त्यांच्याकडे राहिला. त्या तेवीस किल्ल्यांच्या यादीत माहुली आहे. भंडारगड आणि पळसगड यांचीही स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे एका डोंगराने तीन किल्ल्यांचे मोल भरले. राज्याचा गाभा वाचविण्यासाठी हे अवयव तोडून द्यावे लागले. येथेही माहुली लढून गेली नाही. पुरंदरच्या पायथ्याशी लिहिलेल्या कागदाने गेली.

महाराज आग्र्याहून १६६६ मध्ये सुखरूप परतले. पुढची तीन वर्षे त्यांनी तयारीत घालविली आणि १६७० च्या आरंभी गेलेले गड परत घेण्याचा सपाटा सुरू केला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी रात्री कडा चढून कोंढाणा घेतला आणि त्यासाठी प्राण वेचला. ती कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. परंतु त्याच महिन्यात, त्याच युक्तीने, माहुलीवरही हल्ला झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. निवडक मावळे रात्रीच्या अंधारात दोरांच्या शिड्यांनी माहुलीचा कडा चढले. गडाचा मोगल किल्लेदार मनोहरदास गौड नावाचा राजपूत होता. तो सावध होता. त्याच्या शिबंदीने चढून आलेल्यांवर तुटून पडून बहुतेकांना कापून काढले. मराठ्यांचे सुमारे एक हजार वीर त्या मोहिमेत पडले, असे सांगितले जाते. प्रत्यक्ष महाराजांना वेढा उठवावा लागला.

सिंहगडावर जे साधले ते माहुलीवर का साधले नाही? कडे दोन्हीकडे अवघड होते. मावळ्यांचे शौर्य दोन्हीकडे सारखेच होते. भेद एवढाच, की माहुलीचा पहारा त्या रात्री झोपला नव्हता. गडाचे बळ पाषाणात असते त्याहून अधिक जागत्या माणसात असते, ही गोष्ट त्या हजार वीरांनी आपले रक्त सांडून शिकविली. त्यांची नावे इतिहासाने जपून ठेवलेली नाहीत. म्हणूनच माहुलीचा डोंगर पाहताना त्यांच्यासाठी मस्तक लवविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

महाराज तेथून हटले, पण मागे गेले नाहीत. त्यांनी मोर्चा कल्याण-भिवंडीकडे वळविला. तेथील मोगल फौजदाराचा पाडाव झाला आणि प्रांत परत स्वराज्यात आला. आता माहुली एकाकी पडली. रसद येईना, कुमक येईना. एवढा पराक्रम गाजविलेल्या मनोहरदासाने परिस्थिती ओळखली. पुरेशा बळावाचून हा गड राखणे अशक्य आहे हे जाणून त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलवर्दी बेग आला. १६ जून १६७० रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली जिंकली आणि तिच्याबरोबर पळसगड व भंडारगडही स्वराज्यात परतले. चार महिन्यांपूर्वी जो गड हजारोंना हटला नव्हता, तो आता पडला. कारण मधल्या काळात त्याच्या खालची बाजारपेठ आणि वाट स्वराज्याच्या हाती आली होती. डोंगर खालच्या मुलखावर जगतो, हे येथे सिद्ध झाले.

स्वराज्याची गडव्यवस्थाही या अनुभवांतूनच घडलेली दिसते. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. एकाकडे शिबंदी व दरवाजांच्या किल्ल्या, दुसऱ्याकडे हजेरी व हिशेब, तिसऱ्याकडे धान्य व दारूगोळा. ते निरनिराळ्या जातींचे असत. एकाने फितुरी करावयाची म्हटली तरी दुसरे दोघे आडवे येतील, अशी ही योजना. विश्वास ठेवावा, पण तो वाटून ठेवावा, हे सूत्र कोणत्याही काळातील सार्वजनिक संस्थेला उपयोगी पडण्यासारखे आहे.

संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत कल्याण-भिवंडीचा प्रांत पुन्हा रणांगण झाला. १६८२ पासून मोगल फौजा येथे वारंवार उतरल्या. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला आणि स्वराज्यावर घोर संकट कोसळले. त्या सुमारास मोगल सरदार मातबरखान याने उत्तर कोकणातील अनेक गड घेतले, त्यांत माहुलीही गेली. पुढे १७१९ मध्ये दिल्ली दरबाराने शाहूमहाराजांना चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा दिल्या. त्यापाठोपाठ कल्याण-भिवंडी प्रांत पेशव्यांच्या अंमलाखाली आला आणि माहुलीही त्यांच्या ताब्यात आली. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांवर वसईची मोहीम केली. मे १७३९ मध्ये वसई पडली. त्या विजयाने उत्तर कोकणचा किनारा मराठ्यांचा झाला खरा, परंतु माहुलीचे महत्त्व ओसरले. सीमा दूर गेली आणि सीमेवरचा पहारेकरी घराच्या अंगणात आला. ज्या गडाला शत्रू उरत नाही, त्याच्याकडे राज्यकर्त्यांचे लक्षही उरत नाही.

शेवटचे हस्तांतर तर अगदी निःशब्द होते. १३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी पुण्याचा तह केला आणि इतर मुलखाबरोबर माहुलीही कंपनी सरकारकडे गेली. पुढल्या वर्षी कॅप्टन डिकिन्सन याने कोकणातील किल्ल्यांची पाहणी केली. ज्या कड्यांवर हजार वीर पडले, ते आता एका अहवालातील नोंद झाले. रेल्वे आली, थळ घाट लोहमार्गाने चढला, तानसा नदीवर धरण बांधले गेले आणि १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. गडावरून आज तो जलाशय स्पष्ट दिसतो. जो डोंगर एके काळी राज्ये राखीत असे, तो आता मुंबईची तहान भागविणाऱ्या तलावाशेजारी उभा आहे आणि त्याचे अरण्य तानसा अभयारण्याचा भाग आहे. पायथ्याच्या पाड्यांतून ठाकूर, कातकरी, वारली बांधव राहतात. राजे बदलले, पण डोंगराची खरी वाट त्यांनाच ठाऊक राहिली.

आता या साऱ्या इतिहासाचा हिशेब मांडून पाहावा. १४८५ पासून १८१७ पर्यंत माहुलीने अनेक वेळा धनी बदलला. त्यांपैकी काही वेळा गड तलवारीने गेला. तर काही वेळा १६३६, १६६५, १७१९ आणि १८१७ मधील तह व सनदांनी. भिंती मजबूत असून भागत नाही. भिंतीच्या आतील आणि खालच्या मुलखातील माणसांचे ऐक्य टिकावे लागते, हा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट भिवंडीसारख्या शहरात मुद्दाम सांगावयास हवी. १६३६ मध्ये माहुलीवर कोण कोणासाठी लढत होते? मराठा शहाजीराजे एका मुसलमान बालराजाचे राज्य वाचविण्यासाठी लढत होते आणि त्यांना वेढून होत्या त्या दोन मुसलमान पातशाह्यांच्या फौजा. १६६५ मध्ये मोगलांच्या वतीने तह घडविणारे जयसिंह रजपूत होते. १६७० मध्ये शिवाजीमहाराजांच्या विरुद्ध गड लढविणारा मनोहरदासही रजपूत होता. निष्ठा, स्वार्थ, शौर्य आणि फितुरी ही कोणत्याही एका धर्माची मिरास नव्हती. परंतु इतिहासाचे हे गुंतागुंतीचे वस्त्र उसवून त्याचे दोनच रंगांचे तुकडे केले, की त्यांचे निशाण होते आणि निशाणाखाली रक्त सांडते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशीच या शहरात दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा होरपळली. ज्या महाराजांनी परक्या कसबी माणसांना चाकरीस ठेवून याच खाडीत गलबते बांधविली, त्यांच्या नावाच्या दिवशी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळावे, याहून मोठा अपमान त्या नावाचा दुसरा कोणता?

परंतु याच शहराने दुसरीही गोष्ट करून दाखविली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू झाल्या. निरनिराळ्या धर्मांची सामान्य माणसे, दुकानदार, कारागीर, मागावर काम करणारे, एकत्र बसू लागले. तंटे वेळीच मिटवू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या रात्री शहराभोवती तट नव्हता, बुरूज नव्हते, कडे नव्हते. गल्लीगल्लीत जागी असलेली माणसे एवढेच बळ होते. माहुलीच्या कड्यावर १६७० मध्ये एका किल्लेदाराने सावध राहून गड राखला. भिवंडीच्या मोहल्ल्यांत सामान्य माणसांनी सावध राहून शहर राखले. दुसरा पराक्रम पहिल्याहून उणा म्हणता येणार नाही, कारण त्यात कोणीही पडले नाही.

माहुलीवर जाणाऱ्यांनी हे सारे मनात ठेवून जावे. आसनगावहून पायथा गाठावा, चढण अवघड आहे म्हणून वाटाड्या घ्यावा, पावसाळ्यात कड्याजवळ धाडस करू नये. टाक्यांत कचरा टाकू नये, दगडांवर नावे कोरू नयेत. त्या दगडांनी फार मोठी नावे येताना आणि जाताना पाहिली आहेत. शाळांनी मुलांना तेथे न्यावे आणि विजयांबरोबर पराभवही सांगावेत. गडाचे धनी पुन्हा पुन्हा बदलले. १९४७ नंतर त्याचा धनी कोणी राजा उरला नाही, तो सर्व प्रजेचा झाला. मालकी सर्वांची झाली की पहाराही सर्वांवर येतो. तो गडावरचा असो वा गावातला, डोळ्यांत तेल घालून केला, तरच या पाषाणांचा इतिहास व्यर्थ गेला नाही असे म्हणता येईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!